नकाशा हिरवा, पण मागच्या खोलीत रेंज नाही: वाय-फाय प्लॅनिंग सॉफ्टवेअर योग्य क्रमाने कसं वापरायचं

सॉफ्टवेअर उघडायचं, बिल्डिंगचा प्लॅन टाकायचा, भिंतींवरून रेघा ओढायच्या, चार अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या पेट्या) ठेवायचे आणि नकाशावर सगळं हिरवं, म्हणजे सिग्नल चांगला, झालं की प्रिंट काढून कोटेशनला जोडायची. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच कामं अशीच होतात. मग महिन्याभरात फोन येतो, "भाऊ, मांगल्या खोलीमा नेट चालस नही." दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, पण गणित त्याने बरोबरच केलेलं असतं. त्याला भिंत पातळ सांगितलेली असते आणि प्लॅनचं माप चुकलेलं असतं.

म्हणून खालच्या क्रमात निम्मं काम लॅपटॉप उघडण्याआधीचं आहे. तो भाग गाळायचा असेल तर सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका, अंदाजाने लावलेला अ‍ॅक्सेस पॉइंटही तेवढाच बरा-वाईट चालेल.

## १. सॉफ्टवेअर कोणतं

यावर फार वेळ घालवू नका. युनिफाय डिझाइन सेंटर ब्राउझरमध्ये फुकट चालतं, पण त्यात त्याच कंपनीचे अ‍ॅक्सेस पॉइंट मिळतात. टॅमोग्राफ आणि नेटस्पॉटमध्ये आधीचं प्लॅनिंग आणि नंतरची प्रत्यक्ष मोजणी दोन्ही करता येतात. एकाहाऊ, हमिना आणि आयबीवेव्ह ही रोज हेच काम करणाऱ्यांची साधनं. ती महाग आहेत आणि वर्षाला एखाद-दोन कामं असतील तर परवडत नाहीत.

निवडताना दोनच गोष्टी बघा. भिंतीचा डीबी आकडा, म्हणजे ती किती सिग्नल खाते ते, हाताने बदलता येतो का? आणि तुम्ही जो अ‍ॅक्सेस पॉइंट लावणार आहात, नेमकं ते मॉडेल यादीत आहे का? प्रत्येक मॉडेलचा अँटेना वेगळ्या आकारात सिग्नल फेकतो. "साधारण तसाच दुसरा" निवडला तर पुढचं सगळं साधारणच निघतं.

## २. गिऱ्हाइकाकडून मागणी नीट काढा

"घरभर फुल रेंज पाहिजे" ही मागणी नव्हे. कागदावर खोलीनिहाय तीन गोष्टी लिहून घ्या: तिथे काय चालणार, एका वेळी किती फोन-लॅपटॉप असणार, आणि कुठे नेट नसलं तरी चालेल. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण खर्च तिथेच वाचतो. जिना, पार्किंग, गच्चीवरची पाण्याची टाकी यांसाठी वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावण्यात अर्थ नसतो.

मग आकडा ठरवा. वाय-फायवरून कॉल आणि व्हिडिओ कॉल विनाअडथळा चालायला फोनवर -६७ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून चांगला सिग्नल, आणि तो आसपासच्या रेडिओ गोंगाटापेक्षा २५ डीबी वर, असं धरण्याची पद्धत आहे. डीबीएममध्ये आकडा उणे असतो, म्हणून -६० चांगला आणि -७५ वाईट. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते. हे गिऱ्हाइकालाही समजावून सांगा, म्हणजे पुढे "पाच डीबीने काय होतं" असा वाद उरत नाही.

मंगल कार्यालय, कोचिंग क्लास, दवाखान्याची ओपीडी अशा जागी रेंजपेक्षा गर्दीचा प्रश्न मोठा असतो. हॉल एका अ‍ॅक्सेस पॉइंटने हिरवा दिसेल, पण दोनशे फोन त्यावर बसणार नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागासाठी उपकरणांची संख्या टाकायची जागा असते. ती रिकामी ठेवू नका.

## ३. प्लॅन मिळवा आणि जागेवर जाऊन तपासा

आर्किटेक्टकडून मूळ कॅड फाइल किंवा त्यावरून काढलेली पीडीएफ मागा. भिंतीवर लावलेल्या निळ्या प्रिंटचा मोबाइलने काढलेला फोटो वापरू नका. फोटो तिरका असतो, त्यात एक बाजू लांब आणि दुसरी आखूड होते. असं माप नंतर कुठूनही जुळत नाही.

प्लॅन हातात आला की बिल्डिंगभर फिरा. मंजुरीच्या नकाशात असलेली बाल्कनी बंद करून खोली झालेली असते, दोन दुकानांमधली भिंत पाडलेली असते, पोटमाळा तर कागदावर कधीच नसतो. लाल पेनने प्रिंटवर दुरुस्ती करा. त्याच फेरीत पुढच्या गोष्टी खुणा करून ठेवा:

- लोखंडी कपाटांची रांग, तिजोरी, शटर, लिफ्ट
- मोठे आरसे (सराफ बाजारातल्या दुकानांत चारही बाजूंना असतात, आणि काचेमागचा धातूचा थर सिग्नल परतवतो)
- पाण्याची टाकी, बाथरूमच्या टाइल लावलेल्या भिंती
- खिडकीतले कूलर

कूलरची गंमत वेगळी आहे. आपल्याकडे मार्चअखेरीस खिडक्यांत पत्र्याचे कूलर चढतात. बाहेर पत्रा, आत पाणी, तीन बाजूंना ओलं गवत. व्हरांड्यातल्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा सिग्नल खोलीत खिडकीतूनच येत असेल, तर जानेवारीत पाहिलेली छान रेंज एप्रिलमध्ये गायब होते. थंडीत पाहणी करत असाल तर कोणत्या खिडकीत कूलर बसतो ते विचारा आणि त्या खिडकीला प्लॅनवर पत्र्याची भिंत समजा.

> सावध: गोडाऊन रिकामं असताना केलेली पाहणी माल भरल्यावर लागू पडत नाही. जिनिंगमध्ये हंगामात कापसाच्या गाठींच्या थप्प्या छताकडे जातात. भरलेल्या अवस्थेत माल कुठे आणि किती उंच असतो ते मालकाला नव्हे, हमालांच्या मुकादमाला विचारा.

## ४. भिंती मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सॉफ्टवेअरच्या यादीत ड्रायवॉल (जिप्सम बोर्डची पातळ भिंत), काच, वीट, काँक्रीट असे तयार प्रकार असतात. अमळनेरच्या जुन्या घराची दीड-दोन फुटी मातीची भिंत त्यात नसते. "वीट" म्हटलं तरी साडेचार इंची आणि नऊ इंची भिंतीत मोठा फरक पडतो, दोन्ही बाजूंचं प्लास्टर वेगळंच.

फरक किती पडतो ते हाताने करून बघा. समजा अ‍ॅक्सेस पॉइंटची ताकद अँटेनासह १८ डीबीएम आहे. ५ गीगाहर्ट्झवर (वाय-फायचा एक पट्टा, दुसरा २.४ गीगाहर्ट्झचा) पहिल्या मीटरलाच साधारण ४७ डीबी जातात. पुढे अंतर दुप्पट झालं की दर वेळी ६. म्हणजे ८ मीटरवर ४७ अधिक तीन वेळा ६, एकूण ६५ डीबी. ताकदीच्या १८ मधून ६५ गेले, मोकळ्या जागेत फोनला -४७ मिळाले. आता मध्ये दोन भिंती आहेत. ड्रायवॉलचे प्रत्येकी ३ धरले तर -५३, नकाशा गर्द हिरवा. त्याच भिंती नऊ इंची विटांच्या असून प्रत्येकी १० खात असतील तर -६७. तुमची मर्यादा तिथेच संपली, आणि अजून कोणी फोन खिशात टाकलेला नाही.

मोजायची पद्धत अशी:

१. एक अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा साधा ड्युअल बँड राउटर घ्या. ५ गीगाहर्ट्झला वेगळं नाव द्या, चॅनेल (पट्ट्यातला ठरावीक तुकडा) पक्कं करा, ताकद "ऑटो"वरून काढून एका आकड्यावर बांधा. वीज गेली तर अडायला नको, म्हणून छोटा यूपीएस जवळ ठेवा.

२. तो भिंतीपासून ५ मीटरवर, छातीच्या उंचीला स्टुलावर ठेवा. मध्ये काही नको.

३. अँड्रॉइड फोनवर सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारं अ‍ॅप उघडा. फोन हातात धरू नका. भिंतीच्या अलीकडे एक फुटावर दुसऱ्या स्टुलावर ठेवा आणि बाजूला व्हा, कारण तुमचं शरीरही सिग्नल अडवतं.

४. अर्धा मिनिट आकडा वरखाली होऊ द्या, पाच-सहा वेळचे आकडे लिहा, सरासरी काढा.

५. दार बंद करा. फोन त्याच दिशेने भिंतीच्या पलीकडे एक फुटावर ठेवा आणि पुन्हा तसंच करा.

६. दोन सरासरींतला फरक काढा. पलीकडे गेल्याने अंतर थोडं वाढलेलं असतं, त्याचा साधारण १ डीबी वजा करा. उरलेला आकडा त्या भिंतीचा.

प्रत्येक प्रकारच्या भिंतीसाठी दोन ठिकाणी मोजा. स्लॅबसाठीही हेच, राउटर खाली आणि फोन बरोबर त्याच्या वर. २.४ गीगाहर्ट्झचा आकडा वेगळा निघतो, बहुधा कमी. दोन्ही पट्टे वापरणार असाल तर दोन्ही मोजा.

> तपासा: विटांच्या भिंतीचा फरक २-३ डीबीच आला तर भिंत भली नाही, सिग्नल दारातून किंवा खिडकीतून वळसा घालून येतोय. दुसरी जागा घ्या.

> तपासा: आकडा बराच वेळ हलतच नसेल तर फोन जुनंच वाचन दाखवतोय. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं अ‍ॅपही दोन मिनिटांत चारदाच स्कॅन करू शकतं. पुढच्या आवृत्त्यांत डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करता येतं. काम झाल्यावर पुन्हा चालू करा, नाहीतर बॅटरी उतरते.

रावेर-सावद्याकडच्या केळी पिकवण्याच्या चेंबरना हे मोजमाप लागतच नाही. पफ पॅनेल म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. सिग्नल आरपार जात नाही असंच धरून चाला. दार उघडं असताना आत रेंज दिसते आणि तिथेच लोक फसतात, कारण चेंबर चालतं दार बंद करून. आतही केळीच्या क्रेट म्हणजे पाण्याच्या भिंतीच, शिवाय पिकवताना आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर ठेवतात. तापमानाचा सेन्सर वायरने बाहेर काढणं हे तिथलं शहाणपण. वाय-फायच हवं असेल तर ओलाव्याला टिकणारा अ‍ॅक्सेस पॉइंट आत बसवा.

## ५. आता प्लॅन टाका आणि स्केल लावा

सॉफ्टवेअर तुम्हाला प्लॅनवर दोन बिंदू दाखवून त्यांतलं खरं अंतर विचारतं. बहुतेक जण दार निवडतात, कारण दार तीन फुटांचं हे पाठ असतं. पण क्लिक दोन इंचांनी इकडेतिकडे झालं तर तीन फुटांत साडेपाच टक्क्यांची चूक होते. तेवढीच चूक साठ फुटी भिंतीवर पाव टक्क्याच्या आसपास राहते. म्हणून बिल्डिंगची सर्वांत लांब सरळ भिंत घ्या आणि ती टेपने किंवा लेझरने स्वतः मोजलेली असू द्या. स्केल दहा टक्के चुकलं तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी चुकतं, आणि अ‍ॅक्सेस पॉइंटची संख्या त्यावरच ठरते.

आपले प्लॅन फूट-इंचांत, सॉफ्टवेअर मीटरमध्ये. ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.६ फूट नव्हे, ४०.५ फूट, म्हणजे १२.३४ मीटर. ही चूक रोज होते.

> तपासा: स्केल लावल्यावर सॉफ्टवेअरच्या पट्टीने प्लॅनवरची दुसरी भिंत मोजा, पहिली आडवी असेल तर आता उभी. टेपच्या मापाशी जुळली नाही तर प्लॅन ताणलेला आहे. पुढे जाऊ नका, दुसरी फाइल मागा.

मजले एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येक मजल्यावर तोच जिन्याचा कोपरा आणि तोच बाहेरचा कॉलम धरून मजले एकावर एक बसवा. स्लॅबचा मोजलेला आकडा आणि मजल्याची उंची भरा. हे राहिलं तर वरच्या मजल्याचा सिग्नल शेजारच्या घरावर पडलेला दिसतो.

## ६. भिंती काढा

आधी आपले प्रकार तयार करा: "नऊ इंची", "साडेचार इंची", "मातीची जुनी", "पत्रा". प्रत्येकाला मोजलेला आकडा द्या आणि मगच रेघा ओढा. कॅड फाइलमधून भिंती आपोआप उचलणारी सोय असते, पण ती फर्निचरच्या आणि मापांच्या रेघांनाही भिंत समजते. तो थर आधी बंद करा. दारं वेगळी काढा. दवाखान्यात, हॉटेलात दारं बंदच असतात, तिथे दाराचा आकडा बंद दाराचाच हवा. गाठींच्या थप्प्या आणि रॅक यांना भिंत न मानता उंची देता येणारा अडथळ्याचा भाग म्हणून काढा.

## ७. अ‍ॅक्सेस पॉइंट ठेवण्याआधीची सेटिंग

देश भारत निवडा. त्यावरून कोणती चॅनेल आणि किती ताकद हे ठरतं. दुसऱ्या देशाची सेटिंग राहिली तर कागदावर असलेलं चॅनेल प्रत्यक्षात उपकरणात सापडत नाही.

ताकद कमाल ठेवू नका. अ‍ॅक्सेस पॉइंट मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज लहानच असतो. फोनला चार कांड्या दिसतात, पण फोनचं म्हणणं अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत पोचत नाही, आणि कॉलमध्ये एकाच बाजूचा आवाज तुटतो. ५ गीगाहर्ट्झवर १४ ते १७ डीबीएमने सुरुवात करा आणि २.४ त्याहून साधारण ६ डीबीने खाली ठेवा.

बसवण्याची उंची आणि दिशा प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटला भरा. छतासाठी बनवलेला गोल तबकडीसारखा अ‍ॅक्सेस पॉइंट इलेक्ट्रिशियन सोयीसाठी भिंतीवर उभा ठोकतो, आणि मग त्याचा सिग्नल खोलीऐवजी वरच्या आणि खालच्या मजल्यावर जातो. भिंतीवरच लावायचा असेल तर सॉफ्टवेअरमध्येही भिंतीवर दाखवा. फॉल्स सीलिंगच्या वर लपवायचा आग्रह झाला तर नाही म्हणा.

## ८. जागा ठरवा

पहिला अ‍ॅक्सेस पॉइंट सगळ्यात अवघड खोलीत ठेवा, सगळ्यात सोप्या हॉलमध्ये नको. लॉज आणि दवाखान्यांत पॅसेजमध्ये ओळीने अ‍ॅक्सेस पॉइंट लावण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे, केबल ओढायला सोपं म्हणून. पॅसेजमध्ये ते एकमेकांना फार छान ऐकतात आणि खोलीतल्या माणसाला मात्र भिंत आणि बाथरूम ओलांडून सिग्नल मिळतो. एकाआड एक खोलीत, पॅसेजच्या दोन्ही बाजूंना तिरके ठेवा.

चॅनेल: २.४ मध्ये १, ६, ११ हीच वापरा, कारण ती एकमेकांवर चढत नाहीत, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गीगाहर्ट्झवर अ‍ॅक्सेस पॉइंट बरेच असतील तर २० किंवा ४०. एकट्या बंगल्यात ८० चालेल.

## ९. नकाशा वाचायला शिका

रंगांची पट्टी आधी बदला. तयार पट्टीत -७५ सुद्धा हिरवट दिसू शकतो. -६७ च्या खालचं सगळं राखाडी करा. फोनचा अँटेना लहान असतो, म्हणून नकाशापेक्षा फोन ५ ते ७ डीबी कमी दाखवतो असं धरून तेवढी वजावट उपकरणाच्या सेटिंगमध्ये भरा, किंवा सरळ -६१ ची मर्यादा लावा.

मग सिग्नलचा नकाशा बाजूला ठेवून बाकीचे दोन उघडा. पहिला दुसऱ्या क्रमांकाच्या सिग्नलचा: चालत बोलणाऱ्याला पुढच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर जायचं असेल तर मधल्या पट्ट्यात दुसराही -७५ च्या वर हवा. दुसरा एकाच चॅनेलवर किती अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू येतात त्याचा. इथे तीन-चार दिसत असतील तर अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवून नेट मंदच होईल. ताकद कमी करा किंवा काही पेट्यांमधले २.४ पट्ट्याचे रेडिओ बंदच करून टाका. गिऱ्हाइकाला "पैसे दिलेला रेडिओ बंद का" हे पटवणं अवघड जातं, पण ते करावंच लागतं.

## १०. सॉफ्टवेअर जे विचारत नाही

केबल. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर, आणि ती भिंतीच्या कडेने, जिन्याने फिरून जाते. प्लॅनवर सरळ ७० मीटर दिसणारा बिंदू प्रत्यक्षात मर्यादेबाहेर जाऊ शकतो. स्विचची (सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ती पेटी) वीजही बघा: साधा पीओई, म्हणजे केबलमधूनच वीज देणारा, पोर्ट १५.४ वॉट देतो, त्याच्या वरचा ३०. अ‍ॅक्सेस पॉइंटला कोणता लागतो ते माहितीपत्रकात असतं.

ऊन. अनेक इनडोअर अ‍ॅक्सेस पॉइंटना कंपनीने ४० अंशांची मर्यादा दिलेली असते. भुसावळ-जळगावचा मे महिना बाहेरच ४५ च्या घरात जातो, एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये छताखाली तर विचारूच नका. अशा जागी जास्त तापमानाला चालणारं मॉडेल घ्या किंवा कॉलमवर तीन-साडेतीन मीटरवर खाली आणा. खाली आणलं की सातव्या टप्प्यातली उंची बदलून नकाशा पुन्हा चालवा.

## ११. एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावून बघा, मगच छिद्र पाडा

नकाशातल्या एका अवघड जागी अ‍ॅक्सेस पॉइंट तात्पुरता ट्रायपॉडला किंवा शिडीला बांधा, ठरवलेल्या उंचीला आणि ठरवलेल्या ताकदीला. आजूबाजूच्या खोल्यांत आठ-दहा ठिकाणी मोजा आणि नकाशातल्या आकड्याशी ताडून बघा. फोनची वजावट धरून फरक ५ डीबीच्या आत असेल तर भिंती बरोबर आहेत. त्याहून जास्त असेल आणि सगळीकडे एकाच बाजूला असेल तर ताकद किंवा स्केल चुकलंय. एकाच भिंतीपलीकडे असेल तर ती भिंत पुन्हा मोजा.

> सावध: फरक लपवायला भिंतीचा आकडा मनाने बदलू नका. एका खोलीत जुळवलेला आकडा दुसऱ्या मजल्यावर उघडा पडतो.

## १२. बसवल्यानंतरची मोजणी

दारं बंद, माल जागेवर, कूलर खिडकीत, माणसं कामावर. अशा दिवशी लॅपटॉप घेऊन हळू चालत मोजा. कडेने चालू नका, खोलीच्या आत जा. पलंगाच्या उशाशी, गल्ल्यामागे, डॉक्टरांच्या टेबलाशी, जिथे माणूस खरोखर फोन वापरतो तिथे. प्रत्येक वळणावर प्लॅनवर क्लिक करा. दोन क्लिकमध्ये थांबून कोणाशी बोलत बसलात तर मधले आकडे भलत्याच जागी पडतात.

शेवटी फाइल गिऱ्हाइकाकडे ठेवताना फक्त रंगीत चित्र देऊ नका. प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटचं नाव, जागा, उंची, दिशा, चॅनेल, ताकद, आणि स्विचचा कोणता पोर्ट, अशी एक पानाची मराठीत यादी करा. एक प्रत स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वर्षी एखादी भिंत पडेल किंवा नवं चेंबर उभं राहील, तेव्हा जो कोणी येईल त्याला चौथ्या टप्प्यातले आकडेही लागतील, म्हणून ते त्याच पानाच्या मागे लिहा.